परकोटाचे चांदा आणि परकोटाबाहेरचे मैदान

स्मरणिकेसाठी लेख द्या असे मंडळाच्या सचिवांनी सांगितले तेव्हा मी विचारले, विहाराबद्दल लिहू की गावाबद्दल? ते म्हणाले, विहाराबद्दल सगळेच लिहितात, तुम्ही गावाबद्दल लिहा. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मागच्या वर्षी आपल्या विहारात मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा झाली. चंद्रपूरच्या परकोटाच्या चार दरवाजांची नावे बहुतेक मुलांनी बरोबर लिहिली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा कोठे दिली, या प्रश्नाला मात्र अर्ध्याहून जास्त मुलांनी ‘नागपूर’ लिहिले. दोष मुलांचा नाही. आपणच त्यांना गावाचा इतिहास अर्धा सांगितला.

मी प्राध्यापक नाही. मिलमध्ये पाळी करून, वाचनालयात बसून जे हाती लागले ते लिहितो.

आपले गाव दोन नद्यांच्या मध्ये बसले आहे. पश्चिमेकडून इरई वाहते, पूर्वेकडून झरपट, आणि गावाच्या दक्षिणेला झरपट इरईला मिळते. इरई पुढे वर्धा नदीला जाते. चहूकडे जंगल, जमिनीखाली कोळसा. या तीन गोष्टी, पाणी, जंगल आणि कोळसा, डोक्यात ठेवल्या की चांद्याचा सगळा इतिहास उलगडतो. गोंड राजांना पाणी आणि जंगल दिसले, इंग्रजांना कोळसा दिसला.

खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. राजाच्या अंगावर फोड होते, झरपटच्या पाण्याने ते बरे झाले. मग एक पांढरा ससा शिकारी कुत्र्याच्याच मागे लागला आणि राणी म्हणाली, येथेच शहर वसवा. गोष्ट म्हणून छान आहे. इतिहास एवढाच की गोंडांची राजधानी शिरपूरहून बल्लारपूरला आणि बल्लारपूरहून चांद्याला आली आणि पुढच्या राजांनी दगडी परकोट पुरा केला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. दरवाजावर हत्तीला दाबणारा सिंह कोरलेला आहे, ती गोंडांची राजमुद्रा. राणी हिराईने महाकालीचे देऊळ बांधले. चैत्रात नांदेड-परभणीकडून भाविक अजून येतात. १७५१ मध्ये राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून किल्ला घेतला आणि १८५४ पासून सरळ त्यांचाच अंमल आला.

परकोटाच्या गोष्टीत एक नाव मात्र घाईने सांगून चालत नाही. अहेरीकडचे बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके. १८५८ मध्ये त्यांनी आदिवासी तरुणांना घेऊन इंग्रजांशी लढाई केली. फितुरीने पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या जेलसमोर पिंपळाला त्यांना फाशी दिली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. २००९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, म्हणजे दीडशे वर्षांनी. आपल्या लोकांनी ऑक्टोबर महिन्यात १६ तारखेसोबत २१ तारीखही लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

पण गोंडांच्याही आधी येथे माणसे होती आणि त्यांच्यात तथागतांचा धम्म होता, हे फार कमी सांगितले जाते. नागभीडकडच्या देवटेक गावी एक शिळा सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत राजाज्ञा कोरलेली आहे: प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, जो मोडेल त्याला दंड. डॉ. वा. वि. मिराशी यांनी हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचाही लेख कोरला गेला. शिळा आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या जिल्ह्याला लोक नुसते ‘जंगली जिल्हा’ म्हणतात, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी जीव मारू नका असा कायदा दगडावर लिहिलेला होता.

दुसरे ठिकाण भद्रावतीचे, जुने नाव भांदक. चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटर. तेथे विजासनच्या टेकडीत लेणी आहेत. एक लांब बोगद्यासारखी लेणी सरळ डोंगरात जाते आणि शेवटी अंधारात बुद्धाची मोठी बसलेली मूर्ती. बाजूंनाही अशाच दोन लेण्या. इंग्रज संशोधक कनिंगहॅम यांचे म्हणणे असे की सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग ज्या कोसल देशाच्या राजधानीत आला, ती हीच. सगळे विद्वान ते मानत नाहीत. न मानोत. मूर्ती तर तेथे आहे, ती कोणाला पुसता येत नाही.

आता परकोटाच्या बाहेर येऊ. इंग्रजांनी १८६७ मध्ये चांद्याला नगरपालिका दिली. वरोऱ्याला १८७१ मध्ये कोळशाची खाण सुरू झाली, मग बल्लारपूर, मग चांद्याच्या अंगणातच महाकाली आणि लालपेठच्या खाणी. आगगाडी आली. नागभीडकडून येणाऱ्या छोट्या गाडीच्या स्टेशनला ‘चांदा फोर्ट’ नाव पडले. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले, छोटी लाईन जाऊन मोठी आली, स्टेशनवर चांदाच राहिले. बल्लारपूरला कागदाची मिल निघाली, १९८० नंतर दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचे संच सुरू झाले. ह्या सगळ्या कामाला माणसे लागली. तेलंगणातून आली, छत्तीसगडातून आली आणि मूल, सिंदेवाही, चामोर्शीकडच्या खेड्यांतून आपली माणसे आली. लालपेठच्या गल्लीत आजही मराठीएवढीच तेलुगू ऐकू येते. बाबूपेठ, लालपेठ ह्या वस्त्या अशा उभ्या राहिल्या. शहर वाढले ते परकोटाबाहेर आणि ज्यांनी वाढवले त्यांची नावे कोणत्याही दरवाजावर नाहीत.

आणि परकोटाबाहेरच ते मैदान आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. १५ तारखेलाही तेथे दीक्षा झाली. १६ तारखेला ते चांद्याला आले. प्रकृती ठीक नव्हती, तरी आले. देवाजी बापू खोब्रागडे आणि त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी ह्या कार्यासाठी कंबर कसली होती. राजाभाऊ पुढे १९५८ मध्ये राज्यसभेत गेले आणि १९६९ ते १९७२ तिचे उपसभापती होते. त्या मैदानावर लाखोंनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ५१ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या हस्ते दीक्षेचा एवढा मोठा सोहळा झाला तो नागपूर आणि चांदा, या दोनच ठिकाणी. त्या दिवशी चांदा मध्यप्रदेशात होते, सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, ते मुंबई राज्यात आले.

माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे. मूलकडच्या खेड्यातून बंडीने निघाले, शेवटचा टप्पा पायी. अंगावर पांढरा सदरा, तोही शेजाऱ्याचा उसना. ते सांगत, “आवाज आयकलो, पन चेहरा काही दिसला नाही, एवढी गर्दी. परत आल्यावर आईनं देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरले आन् नदीत सोडले. दोन दिवस गावात आमाले कोणी कामाले बोलवलं नाही.” सदरा धुऊन परत दिला तर शेजारी म्हणाला, राहू दे, हा आता दीक्षेचा आहे. तो सदरा आमच्याकडे होता, १९८६ च्या पावसाळ्यात घरात पाणी शिरले तेव्हा गेला.

त्या मैदानावर आज स्तूप आहे आणि बाजूला डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन होतो. गडचिरोली, सिरोंचा, तेलंगणापासून लोक येतात. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आपलाच जिल्हा होता, राज्यात सर्वांत मोठा. सिरोंच्याच्या माणसाला कचेरीच्या एका कागदासाठी चांद्याला यावे लागे, दोन-दोन दिवस जात. आता कागदासाठी यावे लागत नाही, पण १६ तारखेला तो येतोच.

गावाच्या कारभाराविषयीही लिहिले पाहिजे. २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्या साली गावाची लोकसंख्या ३ लाख २० हजारांवर होती. २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते, म्हणजे नळाला पाणी आले नाही तर जाब विचारायला नगरसेवक नाही. पाण्याची तऱ्हा तर अशी की इरई धरणातून वीज केंद्र आणि शहर दोघेही पितात. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा संच बंद करावे लागले. आणि पावसाळ्यात तीच इरई फुगून वस्त्यांत शिरते, २००६ चा पूर लोक विसरलेले नाहीत. नदीकाठी खाणीच्या मातीचे डोंगर उभे केले तर पाणी जाणार कोठे? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली प्रदूषित औद्योगिक क्षेत्रे मोजली, त्यात चंद्रपूर चौथे, ८३.८८ गुणांचे. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. वीज मुंबईपर्यंत जाते, राख आपल्या छपरावर पडते.

एक चांगलेही सांगतो. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे काढून तो साफ केला. मी जाऊन पाहिले. बुरुजावर उभे राहिले की आतले गाव आणि बाहेरचे गाव दोन्ही एका नजरेत येतात.

तर ह्या वर्षी स्पर्धा न घेता मुलांची सहल काढायचे मंडळाने ठरवले आहे. सकाळी जटपुरा दरवाजा, तेथून पायी दीक्षाभूमी, दुपारी विजासन. लेणीत अंधार असतो, प्रत्येकाने बॅटरी आणावी. वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी किंवा ज्यांच्या आईवडिलांनी १६ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा पाहिला, त्यांनी सोबत यावे आणि मुलांना मैदानावर उभे राहून सांगावे. नावे रविवारच्या वंदनेनंतर विहारात द्यावीत.