कोजागिरीची कॉफी आणि एक राहून गेलेला हिशेब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "बाई, तुम्ही इतिहास शिकवायच्या, तुम्हीच आपल्या संस्थेचा इतिहास लिहा," असं संपादक मंडळानं मला सांगितलं. भूखंड कधी घेतला, पहिली सर्वसाधारण सभा कुठे झाली, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे सगळं इतिवृत्तात आहेच. मी मात्र जो इतिहास लिहितेय तो गच्चीवरचा आहे. आपल्या कोजागिरीच्या कॉफीचा.

नव्या सभासदांना प्रश्न पडेल, कोजागिरीला कॉफी कशी? सगळीकडे तर मसाला दूध असतं. आपल्याकडेही पहिल्या वर्षी दूधच होतं. पण ते नासलं. मोठ्या गंजातलं दूध चुलीवर फाटलं आणि चाळीस माणसं गच्चीवर चंद्राकडे बघत बसली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली गेल्या, घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध, कॉफीची बाटली आणि एका वाटीत गुळासारखा दिसणारा घट्ट, तपकिरी गोळा घेऊन वर आल्या. त्या रात्री अर्धा अर्धा कप कॉफी सगळ्यांना मिळाली. पुढच्या वर्षी दुधाचं नावही कोणी काढलं नाही.

आता जरा मागे जाऊ. कॉफी आपल्या वऱ्हाडाला परकी, असं आपण समजतो. पातुरात उतरलं की चहाच विचारतात. पण मूळ पाहिलं तर कॉफीचं नातं आपल्या गावाशी अगदीच नाही असं नाही. आपल्या गावाचं जुनं नाव पातूर शेख बाबू, ते इथल्या सुफी दर्ग्यावरून. येमेनमधले सुफी रात्रभर नामस्मरणात जागं राहण्यासाठी कॉफी पीत. तिथूनच सतराव्या शतकात बाबा बुदन या सुफी संतानं कॉफीचे 7 दाणे कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरावर आणून लावले, असं परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही त्यांचं नाव आहे. आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला, झाडांच्या सावलीत कॉफी होते. महाराष्ट्रात कॉफीचं गाव म्हणून त्याचंच नाव घेतात. म्हणजे वऱ्हाड कॉफी पीत नसेल, पण पिकवतं!

मराठी घरात कॉफी आली ती औषधासारखी आणि पाहुण्यांसाठी. दुधातली, गोड, वर जायफळ-वेलदोडा. माझ्या आजीकडे ती फक्त सर्दी झाली की मिळे. मुंबईत पेस्तनजी एदलजी या पारशी तरुणानं 1888 च्या सुमारास कॉफी दळून विकायला सुरुवात केली. तीच पुढे 'पोलसन' कॉफी. चिकोरी मिसळलेली, स्वस्त, कडक. या पोलसननं नंतर लोणी काढलं आणि 1930 मध्ये गुजरातेत आणंदला डेअरी उभारली. तिथल्या शेतकऱ्यांना दुधाचा भाव धड मिळेना. त्यांनी संप केला, दूध घालणं बंद केलं आणि 14 डिसेंबर 1946 रोजी स्वतःचा सहकारी संघ नोंदवला. तोच आपला अमूल. कॉफीच्या दुकानातून निघालेली गोष्ट अशी सहकारापर्यंत येऊन पोचली.

दुसरी गोष्टही सहकाराचीच. चहावाल्यांनी जाहिराती करून देशभर चहा पोचवला, तेव्हा कॉफीवाल्यांनीही 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. पुढे कॉफी बोर्डानं ही दुकानं बंद करायला घेतली. वाढप्यांवर नोकरी जायची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, तुम्हीच सोसायटी करा. 1957 मध्ये बंगळूरला पहिली कामगार सोसायटी झाली, मग इतर शहरांत. काकूंचे यजमान नोकरीनिमित्त नागपूरला होते. महिन्याच्या पगाराला दोघं तिथल्या कॉफी हाउसात जात. काकू म्हणायच्या, "तिथला वाढपीच मालक, म्हणून कॉफी चांगली." आपली गृहनिर्माण संस्था याच घरातली आहे. इथेही आपणच मालक, आपणच भांडणारे.

आता तो तपकिरी गोळा. साखर घालून आटवलेलं डबाबंद दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, याचं पेटंट अमेरिकेत गेल बोर्डन यांनी 1856 मध्ये घेतलं. आपल्याकडे पंजाबात मोगा इथे 1961 मध्ये नेस्लेचा कारखाना झाला आणि मिल्कमेड घराघरात पोचलं. हे दूध बराच वेळ मंद तापवत ठेवलं की दुधातली प्रथिनं आणि साखर यांचा संयोग होऊन रंग पालटतो, खरपूस वास येतो. अर्जेंटिनात हा मोठा मानाचा पदार्थ आहे. पण आपण त्यात मागे नाही. बेळगावचा कुंदा आणि साताऱ्याचा कंदी पेढा खाल्लेल्या माणसाला ती चव सांगावी लागत नाही. शिवाय आपल्याकडे म्हशीचं दूध. एलिचपुरी म्हैस दूध कमी देते, पण ऊन सोसते आणि दुधाला साय धरते. अशा दुधात हा गोळा विरघळला की कॉफी घट्ट होते, ओठावर राहते.

काकूंची रीत अशी. साधारण 400 ग्रॅमचा डबा फोडून दूध स्टीलच्या उभ्या डब्यात ओतायचं, घट्ट झाकण लावायचं. कुकरमध्ये डबा अर्धा बुडेल इतकं पाणी. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 35-40 मिनिटं. कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा. रंग जुन्या गुळासारखा आला पाहिजे. मग कपाला एक चमचा झटपट कॉफी, दोन चमचे हा गोळा आणि चमचाभर गरम पाणी, दोन-तीन मिनिटं फेटायचं. रंग फिका झाला की वरून उकळतं दूध. साखर अजिबात नको. जायफळ चिमूटभर, तेही आवडत असेल तर. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये 'दालगोना' म्हणून सगळं जग कॉफी फेटत होतं, तेव्हा काकू हसून म्हणाल्या होत्या, "आपण तं पह्यलेपासूनच फेटतो बापा."

काकूंचा एकच नियम होता. बंद डबा पाण्यात उकळायचा नाही. आणि इथे माझा भाग सुरू होतो.

त्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. टँकर आणावे लागले, वर्गणी निघाली. मी तेव्हा खजिनदार होते. माझ्या वहीत काकूंच्या घराचे 840 रुपये बाकी दिसत होते. काकू म्हणाल्या, दिले आहेत. मी म्हटलं, पावती दाखवा. पावती सापडली नाही. मी सभेत सगळ्यांसमोर नाव वाचलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी 840 रुपये आणून टेबलावर ठेवले आणि बोलणं बंद केलं. त्या कोजागिरीला त्या गच्चीवर आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मला वाटलं, कॉफी काही काकूंचीच आहे का? मी करीन. आणि वेळ वाचावा म्हणून बंद डबाच पातेल्यात उकळायला ठेवून हळदीकुंकवाच्या यादीत गुंतले. पाणी आटलं. पाण्याबाहेर राहिलेला डबा तापत गेला, आतली वाफ कोंडली आणि असा बार झाला की खालचे लोक सिलेंडर फुटला म्हणून रस्त्यावर धावले. भिंतीवर, पंख्यावर, छतावर सगळीकडे तपकिरी चिखल. मी ओट्याजवळ नव्हते म्हणून वाचले.

सगळ्यात आधी दारात आल्या काकू. "काही लागलं नाही न बाई तुमाले? गॅस बंद केला का?" मी रडायला लागले तर म्हणाल्या, "आधी पंखा पुसू, मंग रडा." दोन तास आम्ही दोघींनी स्वयंपाकघर पुसलं. दीड वर्षाचा अबोला त्यात कुठे गेला कळलं नाही. रात्री गच्चीवर त्यांच्याच हातची कॉफी झाली. टँकरच्या पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

2021 मध्ये काकू गेल्या. त्यांचं घर आता भाड्यानं दिलंय.

या स्मरणिकेसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा त्या उन्हाळ्याचं पावतीपुस्तक हाती लागलं. दोन स्थळप्रती एकमेकींना चिकटल्या होत्या. मधली सोडवली तर काकूंचा फ्लॅट क्रमांक, रक्कम 840 आणि खाली माझी सही. पैसे त्यांनी दिले होते. पावती फाडून मीच दिली होती आणि वहीत चढवायची विसरले होते. काकूंनी दोनदा पैसे भरले आणि सभेत नाव ऐकून घेतलं.

वर्गात मी मुलांना सांगायची, पुरावा मिळाला की इतिहास दुरुस्त करावा लागतो. म्हणून ही दुरुस्ती. मागच्या सभेत मी हे सगळ्यांसमोर वाचलं, इतिवृत्तात नोंदवून घेतलं आणि 840 रुपये त्यांच्या मुलाकडे पाठवले. त्यांनी ते कोजागिरीच्या खर्चाला परत दिले.

लॉकडाऊनपासून आपली गच्चीवरची कोजागिरी बंदच आहे. ज्याच्या त्याच्या घरात टीव्ही, ज्याचं त्याचं दूध. या वर्षी त्या 840 रुपयांत जेवढे डबे येतील तेवढे आणू. कुकर मी देते. फेटायला तरुण हात हवेत. आणि कोणाचा कोणाशी हिशेब राहिला असेल, तर त्यानं जरा लवकर वर यावं.

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर पंख्याशेजारी एक तपकिरी डाग अजून आहे. दोनदा रंग दिला, तरी वर येतो. आता मी तो तसाच ठेवलाय.