पूर्वरंगाविना पडदा

वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या तहसिलीच्या गावी गोष्ट ऐकण्याची रीत पक्की आहे. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ‘छोडो भारत’ चळवळीत पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जमावाची हकीकत सांगताना आरंभ, मध्य आणि अंत कोणाला विचारावा लागत नाही, आणि कीर्तनकारही पूर्वरंगात सिद्धांत मांडल्यावाचून उत्तररंगातील आख्यानाला हात घालत नाही. अशा श्रोत्यापुढे मणि कौल यांचा 1969 सालचा ‘उसकी रोटी’ हा चित्रपट ठेवला, तर यात गोष्टच सापडत नाही ही त्याची फिर्याद रास्तच म्हणावी लागेल.

फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या सरकारी पैशांतून मोहन राकेशांच्या कथेवर निघालेल्या या चित्रपटात बालो बसचालक नवऱ्याची भाकर घेऊन थांब्यावर उभी असते, इतकेच, परंतु के. के. महाजनांच्या कॅमेऱ्यातील 28 व 135 मिलिमीटरच्या दोन भिंगांपैकी एक आधी प्रत्यक्षाचे, दुसरे तिच्या मनाचे वाटते, आणि पुढे हळूहळू त्यांची अदलाबदल होऊन बस खरोखर आली की तिने कल्पिली, हे ठरविण्याची मुभा प्रेक्षकाकडेच राहते.

अशा चित्रपटांना नसलेला पूर्वरंग पुरविण्याचे काम, माझ्या मते, फिल्म सोसायट्यांनी अंगावर घेतले: 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा महासंघ झाला, त्यांच्या जोडीला 1964 मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय उघडले, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. प्रास्ताविक करणाऱ्याने अर्थ मात्र सांगू नये. ‘बस येण्याची वाट पाहू नका, बालोकडे पाहा’ एवढे बोलून त्याने दिवे मालवावेत.