लिस्प भाषेतील विस्तारक्षम मूल्यमापन : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :
प्रोग्रॅमिंग भाषेतील पदावलीचे मूल्य कोणत्या नियमांनी काढावयाचे, हे सामान्यतः त्या भाषेचा रचनाकार ठरवितो. हा अधिकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासही द्यावा काय, आणि दिल्यास त्याची किंमत कोणती, हा प्रश्न लिस्पच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

उगम :
जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या आपल्या शोधनिबंधात लिस्पचे मूल्यमापन करणारे 'इव्हॅल' हे फंक्शन लिस्पमध्येच मांडले. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्यक्षात उतरविले. सामान्य फंक्शनला घटकांची मूल्ये आधी काढून दिली जातात. मात्र 'जर-तर' स्वरूपाच्या रचनेत एकाच शाखेचे मूल्य काढणे आवश्यक असते. तेथे हा नियम अपुरा पडतो. लिस्प १.५ (१९६२) मध्ये यासाठी 'फेक्सप्र' ही सोय होती. तिला घटक मूल्य न काढता, जसेच्या तसे मिळत. १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी मॅक्रोचा पर्याय सुचविला.

आक्षेप :
केंट पिटमन यांनी १९८० मध्ये फेक्सप्रचा त्याग करून मॅक्रो स्वीकारावेत, असे प्रतिपादन केले. कोणत्या घटकाचे मूल्यमापन होणार हे आधी कळत नसेल, तर कंपायलरला प्रोग्रॅमचा अर्थ लावता येत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. १९८४ च्या कॉमन लिस्पमध्ये फेक्सप्रला स्थान मिळाले नाही. पुढे मिचेल वाँड यांनी १९९८ मध्ये दाखविले की, लॅम्डा कलनात फेक्सप्रची भर घातल्यास बद्ध चलांच्या नावांपलीकडे भिन्न असलेली कोणतीही दोन पदे समतुल्य राहत नाहीत. म्हणजेच एका पदाच्या जागी दुसरे ठेवून प्रोग्रॅम सुधारण्याचा आधारच नाहीसा होतो.

पुनर्विचार :
जॉन शट यांनी २०१० मध्ये वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटला सादर केलेल्या प्रबंधात या निष्कर्षाची मर्यादा स्पष्ट केली. पदांचे रूपांतर व त्यांचे मूल्यमापन या क्रिया कलनात वेगळ्या ठेवल्यास समतुल्यतेचा अर्थपूर्ण सिद्धांत उभा राहतो. त्यांच्या 'कर्नल' भाषेत स्थिर व्याप्तीचा अवलंब करून मूळ फेक्सप्रचे काही दोषही टाळले आहेत.

निष्कर्ष :
फेक्सप्र मागे पडले ते सामर्थ्याच्या अभावी नव्हे, तर त्या सामर्थ्यामुळे प्रोग्रॅमविषयीचे पूर्वज्ञान हरवत असल्यामुळे. शट यांच्या कार्याने ही हानी अटळ नसल्याचे दाखविले. तथापि कंपायलरची अडचण त्यामुळे संपूर्णपणे दूर होत नाही. भाषेची विस्तारक्षमता आणि तिची विश्लेषणसुलभता यांचा तोल रचनाकारास प्रत्येक वेळी नव्याने साधावा लागतो.