कँडीहून पुण्यास : पेपल सेमिनरीचे स्थलांतर आणि एतद्देशीय धर्मगुरूंचा प्रश्न

पुण्यात नगर रस्त्यावर असलेली पेपल सेमिनरी ही कॅथलिक धर्मगुरू घडविणारी संस्था १९५५ साली या शहरात आली. तिची स्थापना मात्र १८९३ साली सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कँडी येथे झाली. भारतासाठी भारतीय धर्मगुरू तयार करण्याच्या हेतूने निघालेल्या या संस्थेची पहिली ६२ वर्षे भारताबाहेर गेली. या विसंगतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२४ जून १८९३ रोजी पोप लिओ तेरावे यांनी काढलेल्या ‘आद एक्स्त्रेमास’ या परिपत्रात एतद्देशीय धर्मगुरूंची गरज स्पष्टपणे मांडलेली आहे. परदेशी मिशनरी संख्येने अपुरे पडतात आणि येथील भाषा व चालीरीती त्यांना परक्या राहतात, असा त्यातील युक्तिवाद होता. कँडीची निवड त्या काळी अडचणीची नव्हती. भारत व सिलोन दोन्ही ब्रिटिश अंमलाखाली होते आणि पोपचे या प्रदेशातील प्रतिनिधीही कँडीतच राहत असत. परंतु ज्या भाषेच्या अडचणीवर परिपत्राने बोट ठेवले, ती सेमिनरीत सुटली नाही, कारण तेथील अध्यापन लॅटिनमध्ये चाले. मराठी वाचकास येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होणे साहजिक आहे. या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे १६१६ सालीच छापले गेले होते. एका परदेशी व्यक्तीने जे साधले, ते तीन शतकांनंतरच्या संस्थेच्या अभ्यासक्रमात उतरले नाही.

१९२६ साली कँडीच्या संस्थेस तत्त्वज्ञान व ईशज्ञानशास्त्र या विषयांच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९४७ मध्ये भारत व १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला. एकाच साम्राज्याचे दोन भाग आता दोन राष्ट्रे बनले आणि या बदलाच्या पार्श्वभूमीवर १९५५ चे स्थलांतर घडले. अंपिटियाच्या डोंगरावरील जुनी वास्तू ओस पडली नाही. तेथे श्रीलंकेची राष्ट्रीय सेमिनरी सुरू झाली.

स्थलांतराने जागा बदलली. अभ्यासाची दृष्टी बदलण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची (१९६२-६५) वाट पाहावी लागली. उपासनेत लोकभाषांना परवानगी आणि अन्य धर्मांविषयी आदराची भूमिका ही त्या परिषदेची देणगी होय. १९७२ मध्ये पुण्यातील अध्यापनसंस्थेने ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ हे नाव धारण केले. वारकरी परंपरेशी परिचित असलेल्या कानांना ते परके वाटत नाही. अध्यापनातील लॅटिनची जागा मात्र इंग्रजीने घेतली. अनेक प्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती सोयीची ठरली, आणि मराठी गावांत उपासना चालविणाऱ्या धर्मगुरूचे तत्त्वचिंतन इंग्रजीतच होत राहिले.