कराटे मॅन
निन्टेंडोच्या ‘रिदम तेंगोकू’ या व्हिडिओ गेममधील लघुखेळ. मूळ गेम ऑगस्ट २००६ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्रासाठी केवळ जपानात निघाला; त्यामागची कल्पना गायक-निर्माते त्सुंकू यांची. कराटेपटूच्या दिशेने कुंडी, दगड, विजेचा दिवा अशा वस्तू भिरकावल्या जातात आणि नेमक्या ठोक्यावर बटण दाबले तरच ठोसा बसतो. कराटेशी संबंध एवढाच. वस्तूवर डोळे खिळवून बसणारा हमखास चुकतो. कानाने लय धरणाऱ्याला पडद्याची फारशी गरज पडत नाही, आणि खेळाची खरी मौज यातच आहे. गुण मोजण्याऐवजी शेवटी एकंदर लयीवर शेरा मिळतो. मालिकेच्या पुढील भागांतही हा लघुखेळ नव्या रूपांत आला.