चित्रपोस्टकार्ड-संग्रह : मुंबई व गोव्यातील युरोपीय वळणाच्या वास्तू

मुंबई, गोवा व आसपासच्या भागांतील गॉथिक, बरोक, इंडो-सारासेनिक इत्यादी शैलींच्या इमारतींची छापील चित्रे असलेली पोस्टकार्डे जमवण्याचा छंद व त्यावरून उभा राहिलेला अभ्यास. साधे पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला मिळू लागले. चित्रकार्डांचा बहर त्यानंतरचा, स्थूलमानाने १९०० ते पहिले महायुद्ध.

प्रकाशक : मुंबईची क्लिफ्टन अँड कंपनी व लंडनची राफाएल टक अँड सन्स ही नावे वारंवार आढळतात. टक कंपनीचे लंडनमधील मुख्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाले व मूळ चित्रे नष्ट झाली. त्यामुळे या मालिकांचा अभ्यास हाती आलेल्या कार्डांवरूनच करावा लागतो. बरीच छपाई जर्मनीत होई. छायाचित्र कृष्णधवल असे आणि रंग छापखान्यात अंदाजाने भरले जात. म्हणूनच दगडाचा रंग ठरवायला रंगीत कार्डाचा दाखला घेऊ नये. रविवर्मा प्रेसची आणि म. वि. धुरंधर यांची कार्डे प्रसिद्ध असली तरी त्यांत माणसे व पेहराव यांना महत्त्व आहे. त्यांचे चाहते वेगळे. प्रस्तुत नोंदीत ती घेतलेली नाहीत.

कालनिर्णय : कार्डाला तीन तारखा असतात : छायाचित्राची, छपाईची व टपालशिक्क्याची. एकच चित्र वर्षानुवर्षे पुन्हा छापले जाई, म्हणून शिक्का वाचून इमारतीचे वर्ष सांगणे धोक्याचे. पाठीवर पत्ता व मजकूर यांना विभागणारी उभी रेघ आहे का, हे प्रथम पाहतात. ब्रिटनमध्ये अशी विभागणी १९०२ मध्ये मान्य झाली. त्याआधी मजकूर चित्राच्याच बाजूला, कडेच्या कोऱ्या जागेत लिहावा लागे. त्यानंतरचा भरवशाचा पुरावा वास्तूच देते. ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला ३१ मार्च १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे. ताजसमोर अपोलो बंदर मोकळे दिसले तर चित्र बहुधा १९०३ व १९२४ या दोन टोकांमधले, पण कॅमेरा कोठून रोखला आहे ते आधी तपासावे. ताजशेजारी ग्रीन्स हॉटेल दिसत असेल तर चित्र ताजची मनोऱ्याची नवी इमारत होण्यापूर्वीचे. (ताज उलट्या तोंडाने बांधले गेल्याची कथा कार्ड-विक्रेते आवडीने सांगतात, तिला आधार दिसत नाही. आराखड्याचे श्रेय सीताराम खंडेराव वैद्य, डी. एन. मिर्झा व डब्ल्यू. ए. चेंबर्स यांच्यात वेगवेगळ्या प्रकारे वाटले जाते.) व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दर्शनी भागात, घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा दिसतो तो स्वातंत्र्यानंतर हलवण्यात आला. १८७९ चा ‘काळा घोडा’ हा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये मूळ जागेवरून भायखळ्याच्या बागेत गेला.

जुने गोवे : कार्डे मुंबईच्या तुलनेने थोडी, पण वास्तुअभ्यासकाला त्यांचे मोल जास्त. बॉम जेझू बॅसिलिका (प्रारंभ १५९४, अभिषेक १६०५) आज उघड्या जांभ्याच्या भिंतींची दिसते. जुन्या कार्डांवर तीच पांढरीशुभ्र, चुन्याने लिंपलेली आहे. गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. तो काढण्याने इमारतीचे भले झाले की नुकसान, याबद्दल मतभेद आहेत. सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये. आता सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. दर्शनी भाग शाबूत असलेले चित्र त्यामुळे १९३१ पूर्वीचे, हे निःशंक. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्येच पडला, म्हणजे छायाचित्रणाच्या शोधापूर्वी; एकमनोरी चित्रावरून काळ ठरत नाही.

जतन : गोंदाने अल्बमात चिकटवलेल्या कार्डाची पाठ कायमची जाते आणि निम्मी माहिती पाठीवरच असते. कोपऱ्यांत अडकवावे किंवा आम्लरहित कागदात ठेवावे. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. दमट हवेत तपकिरी डाग पडतात. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवणे उपयोगी. तिकिटासाठी कार्डाचा कोपरा कापणाऱ्या जुन्या तिकीट-संग्राहकांनी या क्षेत्राचे बरेच नुकसान केले.

पाठीवरचा मजकूर : समाजेतिहासाचा विषय, वास्तुअभ्यासात गौण.

सोलापूर : वारद घराण्याची इंद्रभुवन ही वास्तू (पुढे महापालिकेची इमारत) मुंबई-गोव्याबाहेरची असली तरी या विषयात मोडते.