आर्द्रणक्षमता, अल्पविद्राव्य औषधांची

घन पदार्थाच्या पृष्ठावरील हवा हटवून द्रवाने तेथे पसरणे म्हणजे आर्द्रण, साध्या शब्दांत भिजणे. पाण्यात मुळातच कमी विरघळणाऱ्या औषधांच्या बाबतीत हा गुण निर्णायक ठरतो, कारण कणाचा जेवढा भाग पाण्याला टेकतो तेवढाच विरघळतो. न भिजणे आणि न विरघळणे या मात्र दोन वेगळ्या अडचणी आहेत. खडूची पूड चटकन भिजते, पण विरघळत नाही.

वऱ्हाडात हे समजावायला कापूस पुरतो. जिनिंगमधून निघालेली रुई पाण्यावर बराच वेळ तरंगते, कारण तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्यात उकळून तो काढला की त्याच रुईचा शोषक कापूस होतो. औषधकोशाच्या चाचणीत तो १० सेकंदांच्या आत बुडावा लागतो. आतला सेल्युलोज तोच राहतो, बदलतो फक्त वरचा पापुद्रा.

पृष्ठावर ठेवलेला थेंब त्याच्याशी जो कोन करतो तो स्पर्शकोन. त्यामागील बलांचा समतोल थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पाणी चूर्णाच्या फटींत आपोआप शिरते; जास्त असेल तर बाहेरच अडते. शुद्ध पाणी सहज पसरत नाही, कारण त्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७३ मिलिन्यूटन, म्हणजे बराच जास्त असतो.

या पृष्ठताणाचा उपयोग रसशास्त्राने फार पूर्वी करून घेतला. अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालयात शिकणाऱ्याला ‘वारितर’ ही भस्मपरीक्षा अभ्यासावी लागते. चिमटीतले भस्म स्थिर पाण्यावर हळूच सोडतात. ते तरंगले तर पुरेसे सूक्ष्म झाले असे मानतात. पुढची परीक्षा आणखी कठीण: तरंगणाऱ्या थरावर धान्याचा दाणा ठेवतात आणि थराने तोही पेलायचा असतो. लोहभस्मात मुख्यतः लोहाचे ऑक्साइड असते, ते पाण्याहून सुमारे पाचपट जड. तरीही ते तरंगते, कारण कण इतके बारीक असतात की त्यांचे वजन पाण्याचा पृष्ठताण तोलून धरतो. या परीक्षेला निव्वळ श्रद्धेचा भाग समजणे अन्यायाचे आहे. साधनांशिवाय कणांचा बारीकपणा पारखण्याची ती चतुर युक्ती आहे. मात्र तिने रासायनिक शुद्धता सिद्ध होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे.

गोळीच्या बाबतीत हेच तरंगणे दोष ठरते. गजकर्णावर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन पाण्यात अत्यल्प विरघळते. ते अतिसूक्ष्म दळून वापरू लागल्यावर मात्रा निम्म्यावर आणता आली. पण दळण्यालाही मर्यादा आहे: जलविरोधी कण फार बारीक झाले की एकमेकांना चिकटतात, मध्ये हवा कोंडते आणि पाण्याला भिडणारे क्षेत्र उलट घटते. यंत्राला गोळी चिकटू नये म्हणून घातलेले मॅग्नेशियम स्टिअरेट हे न भिजण्याचे दुसरे कारण. ते मेणासारखे असल्याने जास्त वेळ मिसळल्यास प्रत्येक कणावर त्याचा लेप बसतो आणि उत्तम औषधही उशिरा विरघळते.

उपाय म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट किंवा पॉलिसॉर्बेट ८० यांसारखी पृष्ठक्रियाकारके वापरतात. कपाशीच्या किंवा संत्र्याच्या फवारणीत शेतकरी जे ‘स्टिकर’ मिसळतो, त्याचेही एक काम हेच: थेंबाचा मणी न होता तो पानावर पसरावा. शरीरात हे काम पित्तक्षार करतात. मूत्रात पित्तक्षार आहेत का हे पाहायला त्यावर गंधकाची पूड टाकतात. ते असतील तर पूड बुडते.

स्पर्शकोनाचे मापन सोपे नाही. चूर्ण दाबून चकती केली की पृष्ठच बदलते. म्हणून वॉशबर्न यांच्या १९२१ च्या सूत्रावर आधारलेली रीतही वापरतात: नळीत ठासलेल्या चूर्णातून द्रव किती वेगाने वर चढतो ते मोजायचे, समईच्या वातीत तेल चढते तसे. पॅरासिटामॉलच्या एकाच स्फटिकाच्या वेगवेगळ्या बाजूही सारख्या भिजत नाहीत.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याने भिजणे सुधारत नाही. विरघळलेले क्षार पृष्ठताण किंचित वाढवतातच. लहान मुलांच्या कोरड्या सिरपच्या बाटलीत म्हणून उकळून गार केलेले पिण्याचे पाणी आधी थोडे घालून जोरात हलवावे, गुठळ्या मोडाव्यात आणि मगच खुणेपर्यंत भरावे.